फियाटचे साल आणि साज



इतिहासावर बोलण्याचा अधिकार विद्यापीठाने मला दिलेला नाही. दहावीनंतर मी लेथवर उभा राहिलो, आणि पुढे जे काही वाचले ते दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात, वाचनालयाच्या पुस्तकांतून. पंचवीस-तीस वर्षे कामगार संघटनेचे काम केल्यामुळे एक सवय मात्र जडली. कोणतीही वस्तू समोर आली की ती कोणी घडविली, किती तासांत घडविली आणि तिच्यापासून कोणाला काय मिळाले, हा हिशेब मनात सुरू होतो. आजचे व्याख्यान म्हणजे तसाच एक हिशेब आहे.

निमित्त लहानसे घडले. गेल्या हिवाळ्यात आमच्या संघटनेच्या कचेरीत एक तरुण कामगार आला. पगारवाढीविषयी बोलेल असे वाटले होते, पण त्याने खिशातून एक कागद काढला. कागदावर रेघा मारून रकाने पाडले होते: साल, इंजिन, साज, किंमत. परदेशातल्या एका दोन दारांच्या वेगवान मोटारीची ही टाचणे होती. कोणत्या सालची गाडी बरी, साधा साज घ्यावा की भारी, ह्याचा त्याने फार बारकाईने विचार केला होता. ती गाडी भारतात विकतही मिळत नाही. तो म्हणाला, "घ्याची नाही काका, नुसतं पाहून राह्यलो." मला हसू आले नाही. उलट मनात प्रश्न उभा राहिला, की अशी तुलना करीत बसण्याची संधी आपल्या देशातल्या सामान्य माणसाला केव्हा मिळाली? आणि मिळाली नसेल, तर ती कोणी अडविली?

प्रथम शब्दांचा उलगडा करू. अशा गाडीला 'कूपे' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ 'कापलेली'. घोड्यांच्या चार आसनी बग्गीतून पुढचे आसन कापून काढले आणि दोघांपुरती आटोपशीर बग्गी केली, तिला हे नाव पडले. मोटारींच्या युगात तेच नाव दोन दारांच्या, बुटक्या टपाच्या आणि मागे उतरत्या पाठीच्या गाडीला मिळाले. दुसरा शब्द 'मॉडेलचे साल'. दरवर्षी गाडीच्या रूपात थोडा बदल करावा, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी जुनी वाटू लागते, ही युक्ती १९२० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सने, आल्फ्रेड स्लोन ह्यांच्या कारकिर्दीत, रूढ केली. तिसरा शब्द 'ट्रिम'. एकाच सांगाड्यावर आणि एकाच सालात कमी-अधिक किमतीची सजावट करावयाची, कोठे कापडी बैठक, कोठे कातडी, कोठे जादा ताकदीचे इंजिन. तिला आपण साज म्हणू.

ही साल-साजाची चाल मुंबईला फार लवकर पोचली. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. अमेरिकेतून पेट्यांतून सुटे भाग येत आणि येथे ते जोडले जात. संस्थानिक, सॉलिसिटर, गिरणीमालक ह्यांना यंदाच्या आणि गतसालच्या गाडीतला फरक तोंडपाठ असे. पण ती निवड मूठभरांची होती आणि त्या गाडीत आपल्या कामगाराचे काम बोल्ट आवळण्यापुरते होते.

मोटार येथेच घडवावी हा विचार मांडणाऱ्यांत दोन नावे ठळक आहेत. एक सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, ज्यांनी १९३० च्या दशकात मुंबई इलाख्यात मोटार कारखाना काढण्याची योजना तयार केली. दुसरे सोलापूरचे वालचंद हिराचंद. जहाज, विमान आणि मोटार ह्या तिन्ही वाहनांच्या कारखान्यांचा ध्यास घेतलेला हा माणूस होता. परक्या सरकारने मोटारीच्या बाबतीत त्यांना पुष्कळ अडविले. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने पहिल्या गाड्या १९४७ साली बाहेर पडल्या. पुढे सरकारने तयार गाड्यांची आयात रोखली. १९५३ साली, टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून, ज्यांच्याजवळ भाग येथे घडविण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी नुसती जोडणी बंद करावी असे ठरले. जनरल मोटर्स आणि फोर्ड हे दोघेही निघून गेले. कलकत्त्याजवळ हिंदुस्थान मोटर्स, मुंबईला प्रीमियर आणि मद्रासला स्टँडर्ड, मुख्यतः ह्या तिघांवर देशाची मोटार येऊन ठेपली.

कुर्ल्याने लहान गाडीसाठी इटलीच्या फियाट कंपनीशी करार केला. तेथे १९५३ च्या जिनिव्हा प्रदर्शनात मांडलेली नवी 'अकराशे' १९५४ पासून येथे जोडली जाऊ लागली. येथून पुढे ह्या एका गाडीची सालवारी लावून पाहू.

आमच्या लहानपणी भंडाऱ्यात एक जुने मोटार-मिस्त्री होते. ते म्हणत, "साल पाह्याचं असन तं रंग नोको पाहू, दरवाजा पाह्य." त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. १९५४ ची गाडी गोलमटोल, फुगीर गालांची. मुंबईकरांनी तिचे नाव 'डुक्कर फियाट' ठेवले, आणि ते प्रेमानेच ठेवले. तिची पुढची आणि मागची दोन्ही दारे मधल्या खांबाला बिजागऱ्यांनी टांगलेली, त्यामुळे पुढचे दार उलटे, म्हणजे पाठीमागच्या बाजूला उघडे. इंजिन चार नळकांड्यांचे, १०८९ घनसेंटिमीटरचे, ताकद सुमारे ३६ अश्वशक्ती. १९५० चे दशक संपता संपता 'सिलेक्ट' आणि मग 'सुपर सिलेक्ट' आली. डिकी लांबली, मागच्या कडा किंचित उचलल्या गेल्या, पण पुढचे दार उलटेच राहिले. १९६४ साली '११०० डी' आली, तिलाच पुढे 'डिलाइट' म्हणू लागले. फुगीर गाल गेले, बाजू सपाट झाल्या, आणि पुढचे दार सरळ झाले. रूपाचा खरा पालट म्हणतात तो हाच, आणि तो अखेरचाही हाच.

कारण पुढची नावे पाहा. इटालियन कंपनीशी असलेला करार संपत आला तसे १९७२-७३ च्या सुमारास त्याच गाडीचे नाव 'प्रेसिडेंट' झाले, आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. जाळी बदलली, नावाची पट्टी बदलली, पण सांगाडा तोच राहिला. इंजिन १०८९ चेच राहिले, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर, आणि पुढे सलग बाकासारखी बैठक, जीवर वेळप्रसंगी तिघे बसत. लोकांनीही नवे नाव मनावर घेतले नाही. पद्मिनी विकत घेणारा माणूस अखेरपर्यंत "फियाट घेतली" असेच सांगत राहिला. शेवटच्या दशकात जमिनीवरचा गिअर, सुट्या बैठका, आणि '१३७ डी' ह्या प्रकारात इटालियन डिझेल इंजिन, असा थोडा साज चढला. २००० च्या आसपास उत्पादन थांबले. १९६४ पासून मोजले तर एकाच अंगलटीची गाडी सुमारे छत्तीस वर्षे निघाली. इटलीने मात्र आपली अकराशे १९६९ सालीच थांबवून तिच्या जागी नवी '१२८' आणली होती.

आता त्या तरुणाच्या रकान्यांकडे वळू. ह्याच अकराशेला इटलीत वेगवान साज होता काय? होता. १९५३ सालीच फियाटने तिचा 'टीव्ही' हा प्रकार काढला. टीव्ही म्हणजे तुरिस्मो वेलोचे, वेगवान प्रवासी गाडी. इंजिनाचे आकारमान तेच १०८९, पण ताकद पन्नास अश्वशक्तीच्या घरात. एवढेच नव्हे, ह्याच टीव्हीच्या यंत्रावर पिनिन फरिना ह्यांच्या कारखान्यात दोन दारांची देखणी कूपे घडविली गेली. म्हणजे आपल्या डुक्कर फियाटची सख्खी बहीण सडपातळ कूपे होती. इंजिनाच्या गोळ्याचे माप एकच, कुळ एकच. मग एक बहीण कुर्ल्याला आली आणि दुसरी तिकडेच का राहिली?

ह्याचे एक उत्तर आपण नेहमी ऐकतो, की सरकारी परवान्यांमुळे. ते खरे आहे, पण अर्धे. उरलेले अर्धे समजून घेण्यास भंडारेकरांना फार लांब जाण्याचे कारण नाही. आपले गाव पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. हातोड्याने गुंड ठोकणाऱ्या कारागिराला आज चपटा आणि उद्या उंच गुंड करावयाचा असेल तर काय बदलावे लागते? फक्त हाताचा अंदाज. पण पुढे स्टीलची भांडी आली, ती प्रेसवर दाबून काढलेली. तेथे आकार बदलावयाचा म्हणजे साचा, ज्याला आम्ही कामगार डाय म्हणतो, तो नवा करावा लागतो. डाय महाग, पण एकदा झाली की एका दाबात भांडे तयार. म्हणून ठोकलेल्या भांड्यात विविधता असते आणि दाबलेल्या भांड्यात स्वस्ताई.

मोटारीचा पत्रा असाच दाबलेला असतो. टप, दारे, बॉनेट, डिकी, प्रत्येकाला एक नव्हे, अनेक डाय लागतात. एक खोलगा देते, दुसरी कडा कापते, तिसरी भोके पाडते, चौथी काठ वळविते. समजा, कूपेच्या अंगासाठी लागणाऱ्या डायचा खर्च एक कोटी रुपये आहे. हा आकडा नुसता हिशेबासाठी घ्या. लाख गाड्या विकल्या तर गाडीमागे शंभर रुपये पडतात. पाचशेच विकल्या तर गाडीमागे वीस हजार. फियाटला टीव्ही प्रकार परवडला, कारण सांगाडा साध्या गाडीचाच होता आणि साध्या गाड्या इटलीत मोठ्या संख्येने खपत होत्या. पिनिन फरिनाला कूपे परवडली, कारण तेथील कारागीर थोड्या गाड्यांचे पत्रे बरेचसे हाताने घडवीत, आपल्या तांबटासारखे, आणि त्या हातकामाची किंमत देणारा धनिक गिऱ्हाईक त्यांच्याजवळ होता. आपल्याकडे ना तेवढा खप, ना तो गिऱ्हाईक.

येथे परवान्याचा भाग येतो. १९५१ च्या उद्योग विकास व नियमन कायद्याने किती माल काढावा आणि नवी वस्तू काढावी की नाही, ह्यासाठी सरकारची परवानगी लागे. परदेशी चलन तुटपुंजे, म्हणून परदेशी डाय आणि यंत्रे आणण्यावर बंधन. किमतीवरही सरकारचे लक्ष. मोटारीची वाजवी किंमत कशी काढावी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७१ साली त्याचा निकाल लागला. खप थोडा म्हणून डाय महाग, डाय महाग म्हणून नवे रूप नाही, नवे रूप नाही तरी गिऱ्हाईक रांगेत उभेच, आणि गिऱ्हाईक रांगेत उभे म्हणून नवे रूप देण्याची निकड नाही. वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेल्या माणसाला "कोणता साज हवा?" असे कोण विचारणार? जी मिळेल ती गाडी, जो मिळेल तो रंग.

तरीही मी त्या काळाला केवळ दूषणे देणार नाही. त्या छत्तीस वर्षांत कुर्ल्याच्या आणि आसपासच्या शेकडो लहान कारखान्यांच्या कामगाराने एक गोष्ट साधली. पेट्यांतून आलेले भाग जोडणारा माणूस ते भाग घडवू लागला. ठोकळ्याचे ओतकाम, भुजादंडाचे घडकाम, गिअरचे दात कापणे हे सर्व येथे शिकले गेले. गाडीचे रूप थांबले होते, पण हात थांबला नव्हता. आज पोलाद आणि वाहनांचे भाग ह्यांच्याशी भंडारा जिल्ह्याचेही नाते आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतले मँगनीज पोलादाला बळ देते, वरठीला वाहनउद्योगाला लागणारे मिश्रपोलाद तयार होते, आणि गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात अवजड गाड्यांचे गिअरबॉक्स बनतात. हे एका दिवसात घडले नाही. देशात आधी कोठेतरी कोणीतरी साधे, जुन्या पद्धतीचे गिअर वर्षानुवर्षे कापले, म्हणून पुढच्यांना हे सोपे गेले.

आणि लोकांची हौस म्हणाल, तर तीही मेली नव्हती. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर शर्यती होत. तेथे ह्याच अकराशे फियाट, इंजिन घासून-पुसून, जादा बोजा काढून धावत. कारखान्याने वेगवान साज दिला नाही, तेव्हा मिस्त्र्यांनी आणि हौशी लोकांनी तो आपल्या हातांनी चढविला. दोन दारांची गाडीही देशात अगदीच नव्हती. मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड १९६१ पासून दोन दारांची निघत असे. पण बिऱ्हाडकरू गिऱ्हाईकाला मागच्या बाकावर आजीला बसवावयाचे असते. पुढे त्या कंपनीलाही हेरल्डला चार दारे द्यावी लागली. गरीब देशात जी गाडी घेतली जाते ती साऱ्या घराची असते, एकट्याची नसते. कूपेला आपल्याकडे जागा न मिळण्याचे हे तिसरे कारण, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आता मी ज्या बाजूचा आहे त्या बाजूचा हिशेब मांडतो. मालक आणि सरकार ह्यांचे दोष दाखवून कामगार पुढाऱ्याने खाली बसावे, ही सोपी वाट झाली. मला ती आज घ्यावयाची नाही.

कामगार कायद्याच्या अभ्यासकांना प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा १९७५ चा सर्वोच्च न्यायालयातला निकाल ठाऊक असतो. मोटार उत्पादन खात्यातल्या कामगारांचा उत्तेजनार्थ मोबदला, त्यासंबंधी दोन वेगवेगळ्या संघटनांशी वेगवेगळ्या वेळी झालेले करार, आणि हा तंटा दिवाणी न्यायालयात नेता येतो काय, हा प्रश्न होता. औद्योगिक विवाद कायद्याने निर्माण केलेल्या हक्कासाठी त्याच कायद्याची वाट धरली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. आमच्या पिढीने संघटनेचे पहिले धडे गिरविले त्यांत हा निकाल होता. मोबदल्यासाठी भांडणे योग्यच होते, आजही आहे. पण पुष्कळ वर्षांनी तो पुन्हा वाचताना माझ्या मनात आले, की जास्त नग काढल्याबद्दल जास्त पैसे मागणाऱ्या आम्हा संघटनावाल्यांपैकी किती जणांनी "हा नग आणखी किती वर्षे चालेल?" असे विचारले? हा ठपका मी कोणा एका संघटनेवर ठेवीत नाही. सर्व कारखान्यांतल्या आम्हा सर्वांची रीत तीच होती.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली. इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, म्हणजे फियाटपेक्षा लहान, पण गाडी हलकी, पेट्रोल कमी पिणारी, सकाळी पहिल्या चावीला सुरू होणारी. किंमत प्रारंभी पन्नास हजारांच्या आत होती. कुर्ल्यानेही १९८५ साली '११८ एनई' काढली. अंग फियाट १२४ च्या घराण्याचे आणि इंजिन जपानच्या निसानचे. १९९१ नंतर दरवाजे आणखी उघडले. प्रीमियरने १९९० च्या दशकात प्यूजो कंपनीबरोबर कल्याणला आणि फियाटबरोबर पुन्हा कुर्ल्याला नवा संसार मांडून पाहिला. कल्याणचा उद्योग दशक संपण्यापूर्वीच बंद पडला. जुनी पद्मिनी शेवटी मुख्यतः मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने उरली. पद्मिनीची अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली, आणि वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून उतरली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त झाली. गाडीला निरोप मिळाला. ती घडविणाऱ्या हातांना असा निरोप मिळाल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

माझी स्वतःची एक आठवण सांगतो. मी चोवीस-पंचवीस वर्षांचा असताना ह्याच जिल्ह्यात एका लहान कारखान्यात होतो. त्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. आम्ही चाळीसएक माणसे एका जुन्या वाहनासाठी पितळी बुश कातीत असू. माप माझ्या बोटांना पाठ होते, गेज लावण्यापूर्वी मला कळे की नग पास होणार. संघटना आमची पक्की. त्या वर्षी आम्ही चहाच्या सुट्टीची पाच मिनिटे आणि दिवाळीचा बोनस ह्यांवर भांडलो आणि दोन्ही जिंकलो. गुलाल उधळला. पाच महिन्यांनी ऑर्डर आली नाही. त्या वाहनाचे मॉडेल बदलले होते आणि नव्या मॉडेलात आमचा बुशच नव्हता, त्याच्या जागी नायलॉनचा तुकडा होता. मालकाला हे वर्षभर आधी कळले होते, असे मागाहून समजले. त्याने सांगितले नाही, हा त्याचा दोष. पण आम्ही विचारलेही नव्हते. माझ्या शेजारच्या लेथवरचा माणूस पन्नाशीचा होता. तो म्हणाला, "बोटाले माप येते, पण बोटं कोन घेईन?" त्यानंतर त्याने पानठेला टाकला. मी संघटनेच्या कामात पूर्णवेळ आलो तो त्या वर्षी.

तेव्हापासून मॉडेलचे साल हा शब्द मी वेगळ्या कानांनी ऐकतो. गिऱ्हाईकासाठी ते आवडीनिवडीचे साल असते, पण कामगारासाठी ते पोटापाण्याचे साल असते. नवे मॉडेल आले की कोठेतरी डाय बदलते, आणि डाय बदलली की कोणाच्या तरी बोटांतले माप निरुपयोगी होते. ह्यावर उपाय म्हणून मॉडेल बदलूच नये असे म्हणणे म्हणजे पद्मिनीची छत्तीस वर्षे पुन्हा मागणे. ती मागणी मी करणार नाही. कारण त्या छत्तीस वर्षांनी कामगाराला सांभाळले नाही, त्यांनी केवळ बदल साठवून ठेवला. साठलेले पाणी एकदम सुटले आणि मग ते कोणाच्याच हाती राहिले नाही. दरवर्षी थोडे बदलले असते तर दरवर्षी थोडे शिकताही आले असते.

आता शेवटी आपल्या देशातल्या कूपेविषयी. परवाने सैल झाल्यावर ती आली, आणि आपल्या मराठी मुलखाच्या आसपासच आली. गोव्यात वेर्णे येथे १९९८ च्या सुमारास 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनांची गाडी निघाली. अंग पत्र्याचे नव्हते, फायबरग्लासचे होते. का? डायचा खर्च वाचविण्यासाठी. फायबरग्लासला साचा लागतो, पण तो पोलादी डायच्या मानाने फार स्वस्त असतो, आणि थर हाताने चढवितात. तेच पुन्हा तांबटाचे गणित. इंजिन रेनो कंपनीचे, सुमारे साठ अश्वशक्तीचे. किंमत वेगवान गाडीच्या मानाने बेताची ठेवली होती, पण खप थोडाच राहिला. पुढे २०१२ च्या दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात 'डीसी अवंती' मांडली गेली. तिचेही इंजिन रेनोचे, दोन लिटरचे, ताकद अडीचशे अश्वशक्तीच्या घरात. तिची किंमत मात्र सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेर गेली. दोन्ही गाड्यांचे अंग येथले आणि हृदय फ्रान्सचे. ह्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. देखणे अंग थोडी माणसे मिळून घडवू शकतात, पण स्वतःचे इंजिन घडवावयास पिढ्यान्‌पिढ्यांचे कारखाने लागतात. कुर्ल्याने पन्नास वर्षे एक इंजिन घडविले. त्यातून दुसरे, आपल्या मनाचे, घडविण्यापर्यंत आपण पोचलो नाही.

त्या तरुणाला मी काय उत्तर दिले, ते सांगून आटोपतो. मी म्हणालो, "बाबा, तुझा कागद चांगला आहे. साल पाहतोस, साज पाहतोस, इंजिन पाहतोस. त्यात एक रकाना वाढव. ह्या सालात काय बदलले आणि ते बदलताना कोणाला काय शिकविले, हा रकाना. आणि मग तोच कागद आपल्या कारखान्याला लाव." तो गिअर कापण्याच्या खात्यात काम करतो. पुढे विजेच्या गाड्या वाढतील तसे कित्येक वाहनांत अनेक गिअरांचा बॉक्स उरणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. पुढच्या वाटाघाटीत आम्ही पगाराच्या कलमाबरोबर दुसरे एक कलम ठेवले. येत्या पाच वर्षांत कोणते मॉडेल थांबणार आहे हे व्यवस्थापनाने कामगारांना आगाऊ सांगावे, आणि नव्या कामाचे शिक्षण पगारी वेळात द्यावे. कलम अजून मंजूर झालेले नाही. पहिल्या बैठकीत ते हसण्यावारी नेले गेले, दुसऱ्या बैठकीत कोणी हसले नाही.

तिसरी बैठक उन्हाळा संपल्यावर आहे. त्या तरुणाला मी बरोबर नेणार आहे, आणि कागद आणावयास सांगितले आहे.